३.४ कादंबरी ते चित्रपट : ‘रिव्होल्यूशनरी रोड’

रिचर्ड येट्स यांच्या १९६१ मधील कादंबरीवर सॅम मेंडिस यांनी २००८ मध्ये हा चित्रपट केला. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकटच्या उपनगरात राहणारे फ्रँक व एप्रिल व्हीलर पॅरिसला जाण्याचा बेत आखतात. फ्रँकला बढती देऊ केली जाते, एप्रिलला दिवस जातात आणि बेत मोडतो. त्यांचे दुःख दारिद्र्याचे नाही. आपण चारचौघांहून वेगळे आहोत, हा समज ढासळण्याचे आहे. फ्रँकचे आत्मसमर्थन कादंबरी निवेदनातून उघड करते. चित्रपटाला ते चेहऱ्यांतून सुचवावे लागते. अखेरीस त्यांना घर मिळवून देणाऱ्या श्रीमती गिव्हिंग्ज त्यांनाच नावे ठेवत असताना त्यांचे वृद्ध पती श्रवणयंत्र बंद करतात. ही शांतता कोणत्या विवाहाविषयी बोलते? विचार करा.