एका दिवसाला एकच गोष्ट

अगं, परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आलीय, मुलांना घेऊन कुठे जाऊ?" आणि मी काही बोलायच्या आत यादीही वाचून दाखवलीस. शनिवारी पालीचं दर्शन, दुपारी उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं, संध्याकाळी खांबला आमच्याकडे मुक्काम, रविवारी काशीद आणि मुरुड, सोमवारी येता येता अलिबाग. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनही पुरा नाही. तुझा आवाज इतका हौशी होता, की मला फोनवर मोडता घालवेना. म्हणून आज दुपारची कामं आवरून सवडीने लिहायला बसलेय.

आधी माझं सांगते. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

आमची मुलं तुझ्या मुलांएवढीच होती, तेव्हाची गोष्ट. अशीच जोडून सुट्टी आली होती आणि मी हट्टाने अलिबागचा बेत केला. पहाटे पाचला मुलांना झोपेतून उचललं. सुकेळी खिंडीची वळणं पार होईपर्यंत धाकटीला एक उलटी झाली. पुढे वडखळला गाड्यांची ही रांग! पोयनाड यायच्या आधी तिला दुसरी उलटी झाली. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओहोटी होती, कुलाबा किल्ल्यात चालत जाता येत होतं, आणि पाणी परत चढायच्या आत जाऊन यायचं म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागले होते. थोरला मात्र वाळूत उकिडवा बसला होता. बारीक खेकडे बिळातून वर येऊन वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मांडत होते, आणि तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मी दोनदा हाक मारली, तो उठला नाही. तिसऱ्या वेळी दंडाला धरून ओढलं. त्याने भोकाड पसरलं, आणि मी भर किनाऱ्यावर त्याच्या पाठीत धपाटा घातला.

किल्ला बघून झाला, फोटो झाले, घोडागाडी झाली. आज तो मुलगा कॉलेजात आहे. मध्ये एकदा त्याला विचारलं, अलिबाग आठवतं का रे? म्हणाला, "खेकडे आठवतात. आणि तू मारलं होतंस ते." बाकी दिवसभरातलं काहीसुद्धा त्याच्या लक्षात नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे, आणि तोच तुला सांगायचाय. लहान मुलं बरोबर असतील तर एका दिवसाला एकच गोष्ट. ती झाली की उरलेला दिवस मोकळा ठेवायचा. त्या मोकळ्या दिवसात मूल काय शोधून काढेल ते त्याचं त्याला शोधू द्यायचं.

यात लाडाचं काही नाही, मुलांच्या शरीराचीच ही गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत १० ते १३ तास झोप हवी, दुपारची झोप त्यातच धरलेली आहे. हालचाल निदान १८० मिनिटांची हवी आणि मोबाइल-टीव्ही फार तर एक तास. आता तुझ्या यादीशी हे ताडून बघ. पहाटे उठवलं म्हणजे झोप मोडली. गाडीच्या सीटवर चार तास बसवलं म्हणजे हालचाल संपली. रडू नये म्हणून हातात मोबाइल दिला म्हणजे तो तासही वडखळच्या अलीकडेच सरला. आणि मग आपणच म्हणतो, फिरायला आणलं तर किरकिर करतोय.

आता तू म्हणशील, एकच गोष्ट म्हणजे नेमकी कोणती? आपल्याच आसपासच्या तीन सांगते.

पहिली, आगगाडी. रोह्याहून दिव्याकडे जाणारी मेमू पकडायची. निडी, नागोठणे, कासू, पेण, एवढाच प्रवास करायचा आणि परत यायचं. दिवसात गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेव. मुलाला खिडकीशी बसव आणि तुला कुठे जायचंय हेच विसरून जा, कारण त्याच्यासाठी पोहोचायचं ठिकाण गाडीच असते. परत आल्यावर रोह्याच्या फलाटावर थोरलीला सांग, की कोकण रेल्वे इथून सुरू होते आणि खाली मंगळूरच्या बाजूला जाते. आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी कोलाड स्टेशनावर जा. तिथे १९९९ पासून भरलेले ट्रक मालगाडीच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेतात. ट्रक आगगाडीत बसतो हे ज्या पोराने पाहिलं, त्याला आठवडाभर दुसरा खेळ सुचत नाही. आमचा थोरला पाटावर काड्यापेट्या लावून ही गाडी चालवायचा. हात मात्र घट्ट धरून ठेव, रुळांपासून लांब उभी राहा.

दुसरी, पाली. नागोठण्यापासून जेमतेम ११ किलोमीटर. पण जायचं ते रांग उरकायला नाही, गोष्ट ऐकवायला. आदल्या रात्री मुलांना पोटाशी घेऊन बल्लाळची गोष्ट सांग. कल्याण नावाच्या व्यापाऱ्याचा लहान मुलगा बल्लाळ गावातली पोरं जमवून रानात जायचा. एका दगडाला गणपती मानून त्याची पूजा मांडायचा, आणि पोरं त्या खेळात एवढी रंगायची की घरी जायचंच विसरायची. लोकांनी तक्रार केली. बाप संतापून गेला, त्याने मांडलेला खेळ उधळला, दगड भिरकावला आणि पोराला मारून झाडाला बांधून ठेवलं. गणपती आला तो त्या बांधलेल्या पोरासाठी. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच, आणि तो भक्त लहान मूल आहे. बापाने भिरकावलेला दगड म्हणजे बल्लाळेश्वराच्या मागच्या देवळातला धुंडीविनायक, असं मानतात. आधी त्याचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. मुलांना दाखव तो दगड. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर आणलेली मोठी घंटाही दाखव. एवढं झालं की एखाद्या झाडाखाली बसून डबा खा आणि घरी ये. उन्हेऱ्याची कुंडं पुढच्या खेपेला.

खरं सांगू? अलिबागच्या त्या दिवसानंतर मी पालीला गेले तेव्हा धुंडीविनायकासमोर माझे डोळे भरून आले होते. खेळात रमलेल्या पोराला दंडाला धरून ओढणारी मीही त्याच बापाच्या रांगेतली होते. ती गोष्ट लहानपणापासून ऐकली होती, पण ती आईबापांसाठी आहे हे त्या दिवशी कळलं.

तिसरी गोष्ट घरच्या अंगणातली, आणि माझी सगळ्यात लाडकी: पोपटी. भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल धरतात. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की शनिवारी संध्याकाळी ये. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबायचा. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की पोपटी झाली.

यात मुलांना काम किती आहे बघ. पाला आणायचा, शेंगा निवडायच्या, मीठ भुरभुरायचं, काटक्या गोळा करायच्या. तीन वर्षांचं पोरही दमून जाईल एवढं काम आहे, आणि प्रत्येक काम खरं आहे, खोटंखोटं नाही. फक्त जाळाभोवती पाच-सहा पावलांवर राखेने एक रेघ ओढ आणि सांग, या रेघेच्या आत फक्त मोठी माणसं. मडकं उघडतानाही मुलांना मागे ठेव, वाफ तोंडावर येते. बाकी मग काळोख, थंडी, जाळाचा उजेड आणि आजोबांच्या मांडीवर बसून सोललेली शेंग. रिसॉर्टला एवढं भरभरून मिळत नाही गं.

पावसाळ्यात लावणी दाखवायला आणशील तेव्हा मुलांना चिखलात जरूर उतरव. पायाला जखम किंवा चरा असेल तर मात्र उतरवू नको, आणि वर आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे कर. आपल्या कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका त्याच चिखलपाण्यातून असतो. सुरगड आमच्या गावाच्या पाठीशीच उभा आहे, थोरलीला तो खुणावेल. यंदा पायथ्याच्या घेरा सुरगडपर्यंत चालवत ने आणि परत फिर. माथा दोन-तीन वर्षांनी गाठेल. गड कुठे जात नाही.

पण एका बाबतीत मी तुला आर्जव करणार नाही, बजावून सांगणार आहे. ते म्हणजे पाणी.

आपली कुंडलिका नदी दिसायला शांत आहे. सकाळी तर काठाकाठाने गोटे उघडे पडलेले असतात, कुणालाही वाटेल की पोरांना घोट्याएवढ्या पाण्यात सोडावं. पण भिऱ्याला टाटांचं वीजघर १९२७ पासून आहे. मुळशी धरणाचं पाणी डोंगरावरून तिथे उतरतं, वीज करून झाली की नदीत सुटतं. वर ऊन असो, पाऊस नसो, पाणी सुटलं की बघता बघता पात्र भरतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर, आणि तेही साधारण चौदा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. तेव्हा गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय मुलांना नदीत उतरवायचं नाही. पावसाळ्यात भिऱ्याकडचे, ताम्हिणीतले धबधबे लहान मुलांना घेऊन करायचेच नाहीत, फोटो कितीही सुंदर दिसोत. तळं असो, समुद्र असो, रिसॉर्टचा टँक असो, पाण्याजवळ एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगायचं, "आता पुढचा अर्धा तास लक्ष तुझं." त्याने मोबाइल खिशातून काढायचा नाही आणि मुलापासून हातभराहून लांब जायचं नाही. दहा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि घात तिथेच होतो.

आता शेवटची गोष्ट तुझ्याबद्दलची. सुट्टी म्हटली की तू आदल्या रात्री एकपर्यंत जागतेस हे मला माहीत आहे. दशम्या करायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, औषधं, टोपी, पाण्याच्या बाटल्या, आणि पुन्हा सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं. मग दुपारी मूल जरा किरकिरलं की तुझा तोल जातो, आणि रात्री त्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघून रडतेस. मीही रडले आहे. पिशवी या खेपेला मुलांच्या बाबांना भरू दे. कपड्यांचे दोन जादा जोड, ओआरएसची पाकिटं, गाडी लागते म्हणून आलेपाक आणि एक जुना टॉवेल, एवढं कागदावर लिहून त्यांच्या हातात दे आणि तू लवकर झोप. एखादी वस्तू राहिली तर राहील, खांबला दुकानं आहेत. इथे आल्यावर सासूबाई किंवा मी मुलांना तासभर सांभाळू, त्या तासात तू नुसती पडून राहा. झोप झालेली आई पोरांना दमलेल्या आईपेक्षा जास्त उपयोगाची असते.

तेव्हा ती यादी बाजूला ठेव. शनिवारी ऊन चढायच्या आत निघून सरळ खांबला या. दुपारी मुलं झोपू देत, संध्याकाळी शेतावर जाऊ. रविवारी सकाळी पाली, एवढंच. सोमवारी काहीही ठरवायचं नाही. परतताना दुपारची गर्दी टाळून सकाळीच निघा, म्हणजे मुलं शाळेच्या आदल्या रात्री आपल्या अंथरुणात वेळेवर झोपतील.

आणि वाटेत तुझं पोर कुठे उकिडवं बसून मुंगळ्याकडे, गोगलगाईकडे, नाहीतर साध्या दगडाकडे बघत राहिलं, तर त्याला हाक मारू नकोस. शेजारी जाऊन बस आणि ते काय बघतंय ते तूही बघ.