स्वदेशी प्रोसेसरला पडद्याची जोड

रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, बाजार समितीतील वजनकाटा, आरोग्य केंद्रातील तपासणीचे उपकरण या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा प्रोसेसर असतो. असे प्रोसेसर देशातच घडविण्याच्या प्रयत्नांना अलीकडे चांगले फळ आले आहे. मद्रासच्या आयआयटीने ‘शक्ती’ ही प्रोसेसर-मालिका विकसित केली, तर प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने ‘वेगा’ ही मालिका उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र शासनाने यासाठी ‘डिजिटल इंडिया रिस्क-फाइव्ह’ कार्यक्रम जाहीर केला. ‘वेगा’वर आधारलेल्या ‘तेजस-३२’ या चिपचा वेग १०० मेगाहर्ट्झ असून तिच्यात २५६ किलोबाइट मेमरी आहे. मोटर चालविणे, तापमान मोजणे, संदेश पाठविणे ही कामे ती सहज करते. मात्र पडद्यावर चित्र उमटविणारे मंडल तिच्यात नाही. शिधापत्रिकाधारकाला आपल्या वाट्याचे धान्य आपल्याच लिपीत दिसावयाचे असेल, तर ही जोड बाहेरून द्यावी लागते.

हे काम वाटते त्याहून अवघड आहे. संगणकाच्या नेहमीच्या व्हीजीए पडद्यावर ६४० गुणिले ४८० चित्रबिंदू असतात आणि ते सेकंदाला सुमारे साठ वेळा नव्याने पाठवावे लागतात. दृश्य बिंदू ६४० असले तरी प्रत्येक ओळीला ८०० बिंदूंचा वेळ दिला जातो. ओळीही ४८० ऐवजी ५२५ धराव्या लागतात. हा जादा वेळ जुन्या काचनळीच्या पडद्यातील किरणाला मागे परतण्यासाठी ठेवलेला होता. काचनळ्या गेल्या, पण हिशेब तोच राहिला. त्यानुसार सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार बिंदूंचा वेग येतो, म्हणजे एका बिंदूस सुमारे ४० नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एवढ्या वेळात घड्याळाचे जेमतेम चार ठोके मिळतात. तेवढ्यात बिंदू वाचून बाहेर पाठविणे कसेबसे जमले, तरी वजन मोजण्यास वा ठसा तपासण्यास वेळ उरणार नाही.

मेमरीचीही तीच अडचण आहे. प्रत्येक बिंदूस एक बाइट दिल्यास संपूर्ण चित्रास ३,०७,२०० बाइट लागतात आणि चिपमध्ये आहेत २,६२,१४४. म्हणून चित्राची मेमरी आणि ती सतत वाचणारे मंडल, ही दोन्ही प्रोसेसरच्या बाहेर नेणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

त्याचा स्वस्त प्रकार म्हणजे स्वतःची मेमरी असलेला लहान एलसीडी पडदा. ३२० गुणिले २४० बिंदूंच्या रंगीत पडद्यास १,५३,६०० बाइट लागतात. एसपीआय जोडणीचा वेग २५ मेगाहर्ट्झ धरल्यास संपूर्ण चित्र पाठविण्यास सुमारे ४९ मिलिसेकंद पुरतात. चलच्चित्रासाठी हा वेग अपुरा आहे. पण पावतीतील एखादा आकडा बदलावयाचा असेल, तर तेवढाच भाग पाठवून भागते. मोठा पडदा हवा असल्यास एफपीजीए ही पुन्हा पुन्हा रचता येणारी चिप मध्ये घालावी लागते. प्रोसेसरने बदल तेवढा कळवावा, बिंदू मोजण्याचे काम एफपीजीएने करावे, अशी ही वाटणी असते.

येथे मेमरी वाचविण्यासाठी अनेकदा अक्षरपद्धती सुचविली जाते. ८ गुणिले १६ बिंदूंचे ठरावीक चौकोन आखून त्यांत अक्षरांचे फक्त क्रमांक ठेवल्यास संपूर्ण पडद्याला २,४०० बाइट पुरतात. रोमन लिपीला हे उत्तम मानवते. देवनागरीला मानवत नाही. ‘क्ष्मी’ लिहिताना जोडाक्षर आणि वेलांटी चौकोनाबाहेर जातात. तमिळ वा मल्याळमची रुंद अक्षरे तर त्यात मावतच नाहीत. कानपूर आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने १९८० च्या दशकात हाच प्रश्न संगणकात वेगळे कार्ड बसवून सोडविला होता. आज एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. काळा-पांढरा असा एकच बिट प्रत्येक बिंदूस दिला, तर संपूर्ण व्हीजीए चित्र ३८,४०० बाइटमध्ये बसते आणि अक्षरे हवी तशी रेखाटता येतात. सोळा रंग हवे असल्यास १,५३,६०० बाइट पुरतात.

जोडणीचा खर्च किरकोळ आहे. लाल, हिरवा व निळा या तीन तारांवर पडद्याला ० ते ०.७ व्होल्टचा संकेत लागतो. एफपीजीएचे ३.३ व्होल्ट २७० ओहमच्या रोधकातून नेले, की पडद्यातील ७५ ओहमच्या रोधामुळे साधारण तेवढाच दाब उरतो. उरलेल्या दोन तारा ओळ आणि चित्र कोठे सुरू होते हे सांगतात. प्रथम अक्षरांच्या मागे न लागता केवळ उभे रंगीत पट्टे उमटवून पाहावेत. पट्टे हलत वा तिरके होत असतील, तर चूक मेमरीत नसून या दोन तारांच्या वेळेत असते.