राग आला की आधी तळपाय बघ

अगं, डोकं बंद करायचा खटाटोप आधी सोड. मन गप्प बसत नसतंच. आमडी फाट्यावर एसटीची वाट बघताना ऑफिसातली कटकट, जाऊबाईंचं बोलणं आणि पोराची फी एकाच वेळी डोक्यात फिरते, यात तुझं काही बिघडलेलं नाही. मन कुठे भरकटलं हे आपल्या ध्यानात आलं, तरी पुष्कळ झालं.

मोबाईलवर हल्ली माइंडफुलनेस वर्गणी घेऊन विकतात. बाप्पा! जे आपल्या वाटेवर आहे, त्याला कशाला पैसे मोजतेस? कामठीचं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर 1999 पासून उभं आहे, तिथं विपश्यनेचं केंद्रही आहे. आपण मात्र सेल्फी काढून परत येतो. नागपूरजवळ माहुरझरीलाही ‘धम्मनाग’ केंद्र आहे. ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका हे मुळात रंगूनचे व्यापारी, मायग्रेननं बेजार झालेले. 1955 साली ते ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे शिबिराला बसले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा वर्ग काढला, त्याच्याही मुळाशी बौद्ध ध्यानच होतं.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला फी नसते, पण घर सोडून जावं लागतं. लहान पोर असताना ते तुला जमणार नाही, आणि त्याची टोचणी लावून घेऊ नको. शाळांमधून ‘मित्र उपक्रमात’ पोरांना शिकवतात तो आनापान, म्हणजे श्वास बघणं, तरी कर. पाठ ताठ ठेवून बस, पोटाला पीळ पडेल इतकी नव्हे. डोळे मीट. नाकपुडीच्या तोंडाशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघ. येतो तो जरा थंड लागतो, जातो तो कोमट. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, मनात नाव घ्यायचं नाही. दोन श्वासांतच मन भाजीवर जाईल. गेलं तर गेलं, परत आण. पुन्हा जाईल, पुन्हा आण. हे परत आणणं हाच खरा व्यायाम. एका मिनिटात वीसदा मन पळालं म्हणून रडत बसू नको.

बसायला वेळच नसेल, तर तांदूळ निवडताना लक्ष फक्त तांदळावर ठेव. सूप मांडीवर, बोटांना लागणारा खडा, तुसाचा वास. टीव्ही बंद. एक सूपभर तांदूळ, बस्स.

आता तुझ्या रागाचं. घरच्या ग्रुपवर जाऊबाईंचा टोमणा आला, की तुझी बोटं विचार करायच्या आधीच टाइप करायला लागतात. त्या वेळी फोन पालथा ठेव आणि तळपाय फरशीला टेकलेत का ते बघ. मग राग अंगात कुठे आहे ते शोध. छातीत? कानशिलांत? जबडा आवळलाय? मनात म्हण, ‘राग आलाय.’ ‘मी रागीट आहे’ असं नाही. मग श्वास जरा सावकाश सोड. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, ही शरीराची रीतच आहे. इथे मुद्दाम लांबवलास तरी चालेल. आनापानाला बसशील तेव्हा मात्र नाही.

पण एक सांगून ठेवते. आपल्याकडे बाईला ‘शांत राहा’ म्हणणारे पुष्कळ, आणि त्यातल्या निम्म्यांना तिनं नुसतं गप्प बसायला हवं असतं. ध्यान त्यासाठी नाही. डोकं थंड झाल्यावर जाऊबाईंना समोरासमोर सांग, की ग्रुपवर असं बोललेलं मला चालणार नाही. रागाच्या भरात लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा ती एक ओळ त्यांना जास्त लागेल.

आणि झोपच उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर श्वास बघत बसू नको. डॉक्टरकडे चल, मी येते सोबत. रात्री-बेरात्री 14416 लाव, टेली-मानसचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलतात. नंबर आत्ताच सेव्ह कर, आणि घरात कोणी विचारलं तर माझं नाव सांग.