रिलेला हात लावू नकोस

उचगाव, ता. करवीर

चि. प्रसाद यास,


परवा फोनवर तू घाईत होतास. मॅश टनचा रेक, म्हणजे टाकीतलं धान्य-पाणी ढवळणारा दांडा, मध्येच थांबतो, मोटर ट्रिप होते, म्हणून ओव्हरलोड रिले थोडा वर चढवला, असं म्हणालास. ते ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. तुझी आई शेजाऱ्यांना अजून 'पोरगा अन्नप्रक्रियेत आहे' असंच सांगते. बिअरचं नाव काढत नाही. मला त्याचं काही नाही. 2009 साली डुलालीनं पुण्यात मायक्रोब्रुअरी काढली, तेव्हापासून तिथं या धंद्याला फिटर लागतोच आहे. पण फिटर म्हणून गेलास तर फिटरसारखं वाग.

रिले वारंवार पडत असेल तर मोटरवर बोजा येतो आहे. तो कुठून येतो हे आधी शोधायचं. टन धुऊन रिकामा झाला की रेक नुसता फिरव आणि क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचे अँपिअर वहीत लिही. तिन्हींत फरक असेल तर आधी वायरिंग आणि कॉन्टॅक्टर बघ. तिन्ही सारखे पण चढलेले असतील तर बेअरिंग, गिअरबॉक्स, नाहीतर रेक खालच्या जाळीला घासतोय. शाफ्ट खालून येत असेल तर गिअरबॉक्सचं ऑईलही बघ. दुधाळ दिसलं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलं. आणि रिकाम्यावर सगळं ठीक, धान्य पडल्यावरच ट्रिप होत असेल, तर पाना खाली ठेव. दोष यंत्रात नाही, त्याला तुम्ही काय चारता त्यात आहे.

इथंच आपली कोल्हापूरची सवय आडवी येते. गुऱ्हाळाच्या चरकात रोलर जितका आवळशील तितका रस जास्त, चिपाड कोरडं. माल्टच्या मिलला हा हिशेब लावलास तर वाट लागली. तिथं दाण्याचं पीठ करायचं नसतं; आतला गर फुटावा आणि वरचं फोलपट शक्य तितकं अखंड राहावं. पुढं रस गाळायचा तो त्याच फोलपटाच्या थरातून. दोन रोलरच्या मिलची फट साधारण 1.2 ते 1.3 मिलिमीटर धरून सुरुवात कर आणि फीलर गेजनं दोन्ही टोकांना तपास. टोकांवर विसंबू मात्र नकोस. रोलर मध्ये जास्त झिजतो, त्यामुळं गेज कडेला बरोबर दाखवतो आणि मधून आख्खे दाणे निसटतात. मग कोणीतरी मिल आवळतो आणि कडेला पीठ पडू लागतं. मिलखाली मूठ धरून दळण हातात घे. आख्खे दाणे किती, पीठ किती, ते डोळ्याला कळतं. गहू जास्त असेल तर त्याला फोलपट नाही. तेव्हा भाताचं तूस मिसळा.

क्रमही बघ. किलोला अडीच-तीन लिटर पाणी धरतात. आधी पाणी, मग रेक चालू, मग धान्य. धान्य बसून घट्ट झाल्यावर रेक सुरू करणं म्हणजे मोटरचा जीव घेणं.

रस यायचा थांबला की पंप वाढवायचा मोह होईल. वाढवू नकोस. पंप खालून ओढतो तसा थर आणखी दबतो, आणि जोर फार झाला तर जाळीसुद्धा वाकते. पंप बंद कर, खालून थोडं गरम पाणी सोडून थर उचल, रेक हळू फिरव, थर पुन्हा बसू दे, मग व्हॉल्व्ह अगदी थोडा उघड. हे पाणी 76 ते 78 अंशांपर्यंत असावं. त्यावर गेलं तर फोलपटाचा तुरटपणा बिअरमध्ये उतरतो.

बॅच आत असताना रेक बंद पडला तर गिअरबॉक्स उघडायला बसू नकोस. मॅश गार होते, आणि फार वेळ तशीच राहिली तर आंबते. आयसोलेटर खाली पाड, कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव आणि मगच वल्ह्यानं ढवळ. एवढी बॅच हातानं काढून घ्या, दुरुस्ती नंतर. मिलमध्ये किंवा स्क्रू कन्व्हेयरमध्ये हात घालायचा असेल तरी हाच नियम. नुसतं स्टॉप बटण दाबून आत हात घालणारे मी पाहिलेत. त्यांच्या बोटांचं सांगत बसत नाही.

मालक घाई करेल, शनिवारची गर्दी सांगेल. त्याला अँपिअरची वही दाखव.

आज कामावर गेल्यावर पहिलं काम एकच कर. मोटरच्या प्लेटवरचा अँपिअर वाच, रिले त्यावर परत आण, आणि मग मला फोन कर.

तुझा,
मामा