घर सुटलेली मुले : ‘सलाम बॉम्बे’च्या निमित्ताने

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) हा चित्रपट विद्यार्थ्यांनी अभ्यासाच्या दृष्टीने अवश्य पाहावा. भावाशी भांडून कृष्णा मोटारसायकल पेटवून देतो. भरपाईचे पाचशे रुपये मिळवल्याशिवाय घरी येऊ नकोस, असे बजावून आई त्याला सर्कशीत सोडते. पुढे सर्कसही त्याला मागे टाकून निघून जाते आणि तो मुंबई गाठतो.

येथे अपराधाच्या भावनेला रकमेचे रूप आले आहे. चहाचे पेले पोचवीत कृष्णा पैपैसा साठवतो. (रोज लोकांच्या बचतीचा हिशेब ठेवणाऱ्या मला ही बचत पाहवत नाही.) मुलाच्या हातून घडले ते रागाच्या भरात, आईची अट मात्र मला अधिक घातक वाटते, कारण परतीचा रस्ता तिनेच अडवला.

चिल्लम हा त्याचा थोरला मित्र. तोच त्याला चहाच्या दुकानात काम मिळवून देतो, अन् तोच गर्दच्या व्यसनापायी त्याची पुंजी लांबवतो. तरीही चिल्लमच्या पडत्या काळात त्याला सांभाळतो तो कृष्णाच. रस्त्यावरच्या मुलाला दुसरे असते कोण?

आज २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार असे मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते. समिती सामाजिक तपास अहवाल मागवते. मूल घरी जायला का भिते, हे त्या वेळी आधी मुलालाच विचारावे.