ती कागदांची पिशवी एकदा उलगडा

आईबाबांनो, आज बोलायचं आहे ते मुलाच्या खोकल्यापेक्षा त्याच्या कागदांबद्दल. दिवाळी सरली, निफाडचा पारा उतरायला लागला, की नाशिकच्या दवाखान्यांत रात्र-रात्र खोकणारी मुलं दिसू लागतात. "याची सर्दी लगेच छातीत उतरते," आई सांगते. औषध मिळतं, चार दिवसांत मूल खेळायला लागतं, आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

बालदमा एका भेटीत सहसा पकडता येत नाही. दवाखान्यात नेईपर्यंत छाती मोकळी झालेली असते, एक्स-रेही बहुधा साफ येतो. जोरात फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी पाच वर्षांखालच्या मुलांना नीट जमत नाही. मग डॉक्टरांना आधार उरतो तो मागच्या हकिगतीचा. घरघर किती वेळा झाली? खोकला रात्री-पहाटे वाढतो का? पळल्यावर, खळखळून हसल्यावर, रडल्यावर येतो का? सर्दी नसतानाही येतो का? घरात कुणाला दमा, ॲलर्जी, इसब? वाफेतून दिलेल्या औषधाने लगेच आराम पडला का?

आणि नेमकी ही हकिगत विखुरलेली असते. घरोघरी एक प्लास्टिकची पिशवी असते. जूनची चिठ्ठी सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांची, त्यावर 'सर्दी-खोकला'. ऑक्टोबरात मध्यरात्री नेब्युलायझर लावावा लागला, पण तो केसपेपर रुग्णालयातच राहिला. जानेवारीत मामाच्या गावी, पिंपळगावला, कुणी 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' लिहिलं. प्रत्येकाने समोरचं मूल मनापासून तपासलं. पण या चिठ्ठ्या एका टेबलावर ओळीने कुणीच मांडल्या नाहीत. मांडल्या असत्या, तर दरवेळी तीच घरघर आणि दरवेळी तेच औषध लागू पडलेलं दिसलं असतं.

चिठ्ठ्या अशा ओळीने मांडायला संगणकाची मदत होऊ शकते. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदी कित्येक वर्षांपासून संगणकावर आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी तर डॉक्टरांची टिपणं वाचून बालदम्याच्या खुणा शोधणारी संगणकप्रणाली तयार केली. पण संगणकाला सापडतं ते लिहिलेलं तेवढंच. दरवेळी नुसतं 'सर्दी-खोकला' लिहिलं गेलं, तर यंत्रालाही तेवढंच दिसणार.

आपल्याकडे नोंदी नीट ठेवण्याची गरज किती आहे, ते ऐका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी आणि सहकाऱ्यांनी १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशभरातल्या सुमारे ७,४०० डॉक्टरांकडून दोन लाखांहून अधिक रुग्णांची माहिती जमवली. निम्म्या रुग्णांच्या तक्रारी श्वासाशी निगडित होत्या. पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत, घरघरीचा त्रास असलेल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान कधी झालेलंच नव्हतं. त्या पाहणीत सहा-सात वर्षांची मुलंही होती.

निदान राहून जाण्यात आपलाही वाटा आहे, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. "डॉक्टर, दमा लिहू नका हो, मुलीची जात आहे," असं विनवणारे पालक कमी नाहीत. नाव टाळल्याने आजार टळत नाही, फक्त उपचार लांबतात. वर्षानुवर्षं अँटिबायोटिक आणि खोकल्याची सिरपं पोटात जातात, शाळा बुडते, मैदान सुटतं. पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते हा समजही सोडा. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि थेट श्वासनलिकेत पोहोचतं. लहान मुलाला ते पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळी, जोडून द्यायचं.

म्हणून पिशवीतले कागद तारखेनुसार लावा, फोनमध्ये फोटो ठेवा. रात्री घरघर सुरू झाली तर मोबाइलवर आवाजासह चित्रण करा. सकाळी छाती मोकळी असली तरी डॉक्टरांना ते ऐकता येईल. रुग्णालयातून निघताना काय दिलं याची प्रत मागून घ्या. २०२१ पासून देशभर सुरू असलेल्या 'आभा' या १४ अंकी आरोग्य खात्यात नोंदी जोडता येतात आणि तुमच्या संमतीनेच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. तुमच्या दवाखान्यात ही सोय आहे का, विचारा. पेठ-सुरगाण्याकडच्या, चुलीच्या धुरात वाढणाऱ्या मुलांसाठी तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि श्वासनलिका आकसण्याचा त्रास पथकाच्या तपासणीच्या यादीत आहे. पथक आलं की कागद दाखवा.

मात्र श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, मुलाला सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कागद शोधत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

एरवी पुढच्या भेटीला सगळी पिशवी सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि न कचरता विचारा: "डॉक्टर, हा बालदमा असेल का?"