पशुधन, प्रतिजैविके आणि सार्वजनिक हित

रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या शहरी वस्तीत रोज सकाळी पोहोचणाऱ्या दुधाच्या किमतीत चारा, मजुरी व वाहतूक यांचा खर्च धरलेला असतो. गोठ्यातील प्रतिजैविकांच्या अनावश्यक वापराची जी किंमत समाजाला मोजावी लागते, ती मात्र त्यात नसते. अर्थशास्त्रात यालाच ऋण बाह्य परिणाम म्हणतात.

प्रतिजैविकांचा वापर तीन प्रकारे होतो. आजारी जनावराला औषध देणे हा उपचार. कळपातील काही जनावरे आजारी पडताच उरलेल्यांनाही ते देणे हे नियंत्रण. आणि आजार नसतानाच देणे हा प्रतिबंधात्मक वापर. अमेरिकेत मांसासाठी दूरवरून आणून दाटीने ठेवलेल्या गुरांना श्वसनरोगाच्या भीतीने सरसकट इंजेक्शन देण्याची पद्धत रुजली. अशा वापरात प्रतिरोधक जिवाणू तगून राहतात, वाढतात आणि शेण, पाणी व संपर्क यांतून पसरतात. टेट्रासायक्लिनसारखी औषधे माणसांनाही दिली जात असल्याने ही हानी गोठ्यापुरती राहत नाही. २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे.

भारतात याच संदर्भात घटसर्पाचा विचार करावा लागतो. पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणारा हा रोग पावसाळ्यात गाई-म्हशींना ग्रासतो. त्यात घसा सुजतो, श्वास कोंडतो आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. म्हणून आजारी जनावराला प्रतिजैविक नाकारणे योग्य ठरणार नाही. प्रतिबंधासाठी मात्र पावसाळ्यापूर्वीची लस उपलब्ध आहे. लसीने शेजारच्या गोठ्यालाही संरक्षण मिळते. हा धन बाह्य परिणाम होय.

धोरणाच्या पातळीवर भारताने २०१७ मध्ये प्रतिरोधविषयक राष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारला आणि २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून सरसकट प्रतिबंधात्मक वापर थांबविला. मार्च २०२५ मध्ये केंद्राने स्वस्त जेनेरिक पशुऔषधांसाठी ‘पशु औषधि’ हा घटक मंजूर केला. किंमत घटली की मागणी वाढते, हा नियम येथेही लागू पडतो. म्हणून स्वस्त औषधाला पशुवैद्यकाच्या चिठ्ठीची जोड अपरिहार्य आहे.

दोन जनावरांच्या मालकासाठी एक म्हैस दगावणे म्हणजे निम्मे भांडवल बुडणे. त्याला केवळ दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. पहिल्या पावसाआधी लस त्याच्या दारी पोहोचली, तरच प्रतिजैविक खऱ्या आजारासाठी राखून ठेवता येईल.

अभ्यासासाठी प्रश्न : लसीकरणावरील सार्वजनिक खर्चाचे समर्थन बाह्य परिणामांच्या आधारे करा.